पिल्लांच्या आधी आईचा फोटो टाका

संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत कुत्र्यांच्या पिल्लांचा 'लॅब (लॅब्राडोर), जर्मन शेफर्ड, ३५ दिवसांची पिल्ले, घेऊन जा' असा मजकूर हल्ली वरचेवर दिसतो. जाहिरात देणारे बहुतेक खेड्यातले, शेतीला जोडधंदा म्हणून दोन-चार माद्या सांभाळणारे तरुण असतात. २०१७च्या श्वान प्रजनन व विक्रीच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस, त्यामुळे ही जाहिरात म्हणजे स्वतःच्या खर्चानं छापलेला कबुलीजबाब आहे. जाहिरात घेताना आपण राज्य प्राणी कल्याण मंडळाकडचा नोंदणी क्रमांक मागायला सुरुवात केली, तर बराच घोळ खिडकीवरच थांबेल. बाकीचं सांगणं या पोरांसाठी आहे. जाहिरातीवर आणि फेसबुकवर पैसा घालण्यापेक्षा तो स्वतःच्या साध्या वेबसाइटवर घाला, आणि ती नीट करा.

फेसबुकच्या नियमांत एका व्यक्तीनं दुसरीला जिवंत प्राणी विकणं बसत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगलाही ते चालत नाही. कोणी तक्रार केली की पोस्ट उडते, कधी अख्खं खातं जातं, आणि त्याबरोबर जुने फोटो आणि ग्राहकांचे अभिप्रायही जातात. स्वतःचं डोमेन घ्यायला वर्षाला हजारभर रुपये पुरतात. ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर राहिलं, की पुढच्या वर्षी त्याचा फोन लागत नाही आणि साइट बंद पडते.

आता पानावर काय असावं? पिल्लू शोधणारा माणूस नागपुरात किंवा अकोल्यात बसून मोबाइलवर दहा ठिकाणं चाळतो, आणि त्याच्या मनात एकच धाकधूक असते: आपण फसणार तर नाही? दुसऱ्याचे फोटो लावून 'टोकन टाका, पिल्लू ट्रान्सपोर्टनं पाठवतो' म्हणणारे भामटे जागोजागी आहेत. त्या भामट्याला जे दाखवता येत नाही, ते तुम्ही सगळ्यात वर दाखवा. त्याच्याकडे आई नसते. पिल्लं आईला लुचताना किंवा तिच्याभोवती खेळताना २०-३० सेकंदांचा, मध्ये न कापलेला व्हिडिओ घ्या आणि सुरुवातीला त्या दिवसाची तारीख तोंडानं बोला. तो यूट्यूबवर चढवून पानावर जोडला की साइट जड होत नाही. एका फोटोत पिल्लाशेजारी तारीख आणि केनेलचं, म्हणजे कुत्री पाळायच्या आपल्या जागेचं, नाव लिहिलेला कागद ठेवा. नावाचा शिक्का फोटोच्या कोपऱ्यात टाकू नका, कोपरा कापायला दोन सेकंद लागतात. पुसट अक्षरांत तो पिल्लाच्या अंगावरून जाऊ द्या.

फोटोसाठी सकाळी सात-आठचं ऊन बरं. दुपारच्या उन्हात काळं लॅब म्हणजे नुसता काळा गोळा दिसतो. भिंतीला टेकवलेलं स्वच्छ गोणपाट पाठीमागे पुरतं. उभ्यानं वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात, तेव्हा जमिनीवर बसून पिल्लाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा. मोबाइलची काच आधी सुती कापडानं पुसा. केनेलमध्ये वावरणाऱ्या फोनवर बोटांचा तेलकटपणा हमखास असतो. समोरून, बाजूनं उभं आणि चालताना मागून, असे तीन फोटो चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात घ्या. मागचे पाय कसे पडतात हे जाणकार आधी पाहतो.

फोटो आहे तसा टाकला तर एकेक चार-पाच एमबीचा असतो. असे दहा फोटो खेड्यातल्या नेटवर उघडेपर्यंत माणूस मागे फिरतो. लांबी १२०० पिक्सेलवर आणून वेबपी या फोटो हलका करणाऱ्या प्रकारात साठवला तर तोच फोटो साधारण १५० केबीत बसतो आणि डोळ्याला फरक कळत नाही.

प्रत्येक वेताला वेगळं पान द्या. त्यावर जन्मतारीख, किती नर, किती माद्या, आई-बापाची नावं आणि जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे नोंदणी क्रमांक असावेत. कागद नसतील तर 'कागद नाहीत' असं सरळ लिहा आणि किंमत त्याप्रमाणे ठेवा. ओळख पटावी म्हणून पिल्लाच्या कातडीखाली बसवतात ती मायक्रोचिप १५ आकड्यांची असते. पानावर शेवटचे चार आकडे द्या, पूर्ण क्रमांक पावतीवर. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला दिल्याच्या तारखा लिहा. पहिली एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांत होते. तिच्या बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही-शिक्का असलेल्या पुस्तिकेच्या पानाचा फोटो टाका. दुकानातून लस आणून घरीच टोचणारे आहेत, पण सहीशिवाय त्या लशीला कोणी विचारत नाही. आणि आठ आठवड्यांच्या पिल्लापुढे 'रेबीजसह सर्व लसी पूर्ण' असं तर मुळीच लिहू नका. रेबीजची लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. ज्याला हे ठाऊक आहे तो तुमचं बाकीचंही खोटं धरतो.

पिल्लू जाड हाडाचं, दणकट आहे असं भासवणारे 'डबल बोन', 'हेवी बोन', 'शो क्वालिटी' हे शब्दही काढून टाका. कुठल्याच जातीच्या मानकात डबल बोन नावाची गोष्ट नाही. त्याऐवजी बापाचं वजन आणि खांद्यापर्यंतची उंची लिहा, आकडा स्वतःच बोलतो.

विकलेली पिल्लं पानावरून काढू नका, त्यावर 'गेलं – वर्धा' असं लिहून ठेवा. जुनी वेतं पाहूनच धंदा खरा वाटतो.

गूगलवर सापडण्यासाठी पानाच्या शीर्षकात जात, गाव आणि जिल्हा हवा, उदाहरणार्थ 'लॅब्राडोर पिल्लं, दर्यापूर, अमरावती: किंमत, लस, आई-बाप'. लोक रोमन लिपीत टाइप करतात तसे मराठीत फोनला बोलूनही विचारतात, म्हणून दोन्ही लिप्यांत मजकूर ठेवा. तेच पान नुसतं गाव बदलून अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम असं दहा वेळा टाकण्याचा सल्ला देणारे भेटतील. गूगल त्याला फसवणूक धरतं आणि सगळी साइटच खाली ढकलतं. गूगलच्या नकाशावर नोंद करताना बहुतेकदा व्हिडिओ मागतात; रस्ता, फाटकावरचा बोर्ड आणि आतली जागा एकाच सलग चित्रणात दाखवा. केनेल वावरात असेल आणि चोरीची भीती असेल तर पत्ता लपवून फक्त परिसर दाखवण्याची सोय तिथे आहे.

किंमत लिहावी की नाही यावर वाद होतो. आमच्या मते लिहावी. 'किंमत?' एवढाच मेसेज टाकून गप्प होणाऱ्यांना उत्तरं देत संध्याकाळ जाते, ती वाचते. टोकन किती, ते कधी परत मिळेल, पिल्लू आजारी निघालं तर काय, हे त्याच पानावर मराठीत मांडा. पैसे घेताना समोरच्याला यूपीआय पिन लागतो, आपल्याला नाही. 'लष्करातून बोलतोय, क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील' म्हणणारा विकणाऱ्यालाही लुटतो. तसं झालं तर लगेच १९३० वर फोन करा.

लोक बघायला येणार म्हटलं की पार्व्हो, हा पिल्लांच्या जिवावर उठणारा रोग, येतो. त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, बुटाच्या तळव्यावरून येतो आणि फिनाइलला दाद देत नाही. एकाच दिवशी चार केनेल हिंडणारं गिऱ्हाईक तो सोबत घेऊन फिरतं. एक भाग ब्लीच, ३० भाग पाणी असं द्रावण पसरट घमेल्यात फाटकाशी ठेवा आणि दर वेळी ताजं करा. ब्लीचला थोडा वेळ लागतो, नुसता पाय बुडवून काढून भागत नाही, म्हणून बूट काढायला लावून आपल्या चपला दिल्या तर आणखी चांगलं. 'आधी व्हिडिओ कॉल, मग वेळ ठरवून भेट, त्या दिवशी दुसरीकडे जाऊन येऊ नये' हे साइटवरच लिहिलं की तोंडावर सांगण्याचा संकोच राहत नाही. उलट त्यातून काळजी दिसते, आणि चांगला ग्राहक त्यालाच भाव देतो.

आपल्याकडे हंगामही पाहावा लागतो. कापूस आणि सोयाबीनचा पैसा दिवाळीपासून हातात खेळतो, त्यामुळे पिल्लं नोव्हेंबर ते जानेवारीत तयार असतील तर खपतात. गाभणकाळ ६३ दिवसांचा, त्यावर ५६ दिवस, म्हणजे चार महिने. भरवण, म्हणजे मादीला नर दाखवणं, जुलै-ऑगस्टला हवी. मादी वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि नियमात वर्षाला एकच वेत बसतं, तेव्हा उन्हाळ्यात पिल्लं येतील तो माज सोडून द्या. पारा ४५च्या वर असताना दुपारी गाडीतून नेलेलं पिल्लू उष्माघातानं गेलं, की शिव्या तुम्हालाच. मे महिन्यात पिल्लू द्यावंच लागलं तर पहाटे पाचच्या आत निघायची अट घाला.

हस्की, सेंट बर्नार्ड या थंड मुलखातल्या जाती इथे विकणाऱ्यांच्या साइटवर एप्रिल-मेचा खर्चही लिहिलेला असावा: कूलरची खोली, वीज गेली तर काय, फिरणं फक्त उजाडायच्या आत. वावरात जागलीला कुत्रा हवा असणाऱ्या शेतकऱ्याला कारवान ही देशी जात किंवा चांगला गावठी सुचवा, गोचीडतापाबद्दल आणि गोचीड मारायच्या औषधाच्या तारखांबद्दल सांगा. मात्र गिऱ्हाईक भुलवायला 'शिकारी जात' म्हणत रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर लोळवल्याचे व्हिडिओ टाकू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो तुमच्याच विरोधातला पुरावा ठरतो.

विकलेल्या पिल्लाची वर्षातून एकदा तरी विचारपूस करणं ब्रीडरवर, म्हणजे पिल्लं काढून विकणाऱ्यावर, नियमानंच घातलं आहे. तो फोन कराच, आणि त्याच वेळी मोठ्या झालेल्या कुत्र्याचा फोटो व गूगलवर दोन ओळींचा अभिप्राय मागा. कोणी नाराजीनं एक तारा दिला तर भांडू नका, काय झालं आणि काय केलं ते तिथेच तारखेसह लिहा. पुढचा वाचणारा आधी तेच उत्तर वाचतो.

आपले,
श्वानपालकांच्या वेबसाइटची कामं करणारे काही वाचक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती