पाऊस लागण्याआधी, अडेनियमविषयी

गुहागर,
२० मे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. रत्नागिरीच्या नव्या घरी तू अडेनियमची दोन रोपे आणून अंगणात तुळशीवृंदावनाशेजारी ठेवली आहेस, हे वाचून आनंद झाला आणि लगेच काळजीही वाटली. म्हणून मृग लागण्याआधीच हे लिहीत आहे.

हे झाड आपल्या कण्हेरीच्या आणि चाफ्याच्या कुळातले, पण त्याचे माहेर आफ्रिकेतला आणि अरबस्तानातला कोरडा मुलूख. फुगीर बुंध्यात पाणी साठवून ते उन्हाळा आरामात काढते. आपल्याकडे मात्र पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि त्यात त्याची मुळे कुजतात.

गेल्या श्रावणात माझे सात वर्षांचे झाड असेच हातचे जायचे होते. पागोळ्या थेट कुंडीत पडत होत्या, हे माझ्या ध्यानातच आले नाही. पाने पिवळी पडून गळू लागली, तेव्हा पाणी कमी पडत असेल असे समजून मी वरून आणखी तांब्याभर घातले. एके सकाळी बुंध्यावर अंगठा टेकवला, तर पिकल्या चिकूत जावा तसा तो आत गेला आणि आंबूस वास आला. मग झाड उपटले, सुरी स्पिरिटने पुसली आणि पांढरा, टणक गर लागेपर्यंत तपकिरी भाग कापत गेलो. निम्मा बुंधा गेला. कापावर बुरशीनाशकाची पूड लावून ते आठ-दहा दिवस पडवीत कोरडे ठेवले आणि नंतरच नव्या मातीत लावले. दिवाळीच्या सुमारास तांदळाच्या दाण्याएवढा कोंब दिसला, तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

तुझ्या कुंड्या या आठवड्यातच पडवीत, उजेडाच्या पण पागोळ्यांपासून दूरच्या जागी घे आणि खालच्या ताटल्या काढून टाक. मातीत निम्म्याहून अधिक नदीची जाड वाळू व विटांचे बारीक तुकडे असू देत, शेणखत जेमतेम मूठभर. समुद्राची वाळू खारी असते, ती नकोच. पावसाळ्यात माती तळापर्यंत सुकल्याशिवाय पाणी घालू नकोस. जेड या जाड, मांसल पानांच्या झाडालाही हाच नियम; त्याची पाने किंचित सुरकुतली की मगच पाणी दे. आपल्या गडग्यावरचे शेराचे झुडूप भर पावसात उभे राहते, कारण तिथे मुळाशी पाणी साचतच नाही.

अडेनियमचा चीक विषारी आहे, आफ्रिकेत तो बाणांना लावत असत. तेव्हा छाटणी करताना मुलांना जवळ येऊ देऊ नकोस आणि हात साबणाने धू.

रविवारच्या एसटीने चाळलेल्या वाळूची एक पिशवी पाठवतो. ती येईपर्यंत रोपांची कुंडी बदलू नकोस.

तुझा मित्र