वापरलेली ब्रेक डिस्क नवी म्हणून विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: पुढच्या ब्रेक डिस्कची जोडी बदलून मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी गाडीच्या पुढच्या दोन ब्रेक डिस्क आणि पॅडचा सेट मागवला होता. पॅडबद्दल तक्रार नाही. डिस्कपैकी एक मात्र आधी कुणाच्या तरी गाडीवर फिरून आलेली आहे.

तिच्या खोक्यावर कंपनीच्या छापील चिकटपट्टीवरून साधी पारदर्शक पट्टी मारलेली होती. आत डिस्क कोरडी ठणठणीत. नव्या डिस्कला गंज धरू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, बसवण्याआधी तो ब्रेक क्लीनरने पुसून काढावा लागतो. दुसऱ्या डिस्कला तो होता. हिच्यावर गोल चरे, बोल्टच्या भोकांभोवती चाक आवळल्याचे वळ आणि मधल्या भोकाला गंज. मायक्रोमीटर लावला, तर चांगली डिस्क 22.0 मिमी आणि ही 21.1 भरली. किमान जाडी 20 मिमी, हे डिस्कवरच कोरलेलं आहे. म्हणजे पूर्ण पैसे घेऊन आपण जवळजवळ अर्धी झिजलेली वस्तू दिलीत.

यावर आपलं उत्तर: भाग बसवून वापरल्यामुळे परत घेता येत नाही. अहो, ती डिस्क हबला लागलीच नाही! गाडी सोसायटीच्या आवारात स्टँडवर होती, सेक्रेटरींनी दुपारपर्यंतच मुभा दिली होती, म्हणून जुन्याच डिस्क परत चढवून चाकं लावली. एकच नवी बसवून भागत नाही. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे चरे पडलेली डिस्क असली, तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढू शकते.

पुढे आपण अधिकृत वर्कशॉपचा दाखला मागता. माझ्या जुन्या डिस्क 19.6 वर आल्या आहेत. त्यांच्यावर भर पावसात जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून गाडी न्यायची, ती आपली चूक सिद्ध करायला? शिवाय ‘असली कामं घरी करू नयेत’ हा सल्लाही दिलात. मग सुटे भाग घरपोच विकता कशाला?

माझी मागणी साधी आहे. दोन्ही डिस्क आपल्या खर्चाने घेऊन जा आणि सीलबंद नवी जोडी द्या, नाहीतर डिस्कचे पूर्ण पैसे परत करा. परत आलेला माल नव्याच्या खोक्यात कसा गेला, तेही लेखी कळवा. ब्रेकचा भाग आहे, सीट कव्हर नव्हे.

ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवं. तसं न झाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या कायद्यानुसार ग्राहक राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, तेव्हा आपल्या मुख्यालयाच्या गावी मला यावं लागणार नाही.

आपला ग्राहक,
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई

सोबत: बिल, खोक्याचे आणि दोन्ही डिस्कचे मायक्रोमीटरसह फोटो