डेटोना, म्युरा आणि एकाच तक्त्यात कोंबलेले आकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या इटालियन स्पोर्ट्स कारवरचा लेख वाचला. छायाचित्रे झकास होती, आणि फेरारी डेटोना, लॅम्बोर्गिनी म्युरा, मासेराती गिब्ली यांना मराठी वर्तमानपत्रात अख्खे पान मिळाले याचा मनापासून आनंद झाला. तक्रार आहे ती खालच्या तक्त्याबद्दल. त्यात कमाल वेगाच्या रकान्यात फेरारी बॉक्सर ३०२, म्युरा २९०, डेटोना २८० आणि जग्वार ई-टाइप २४२ असे आकडे ओळीने देऊन लेखकाने क्रमांकही लावून टाकले आहेत. डेटोना तिसरी! वाहन-चाचणीच्या कामात नोकरी संपवलेल्या माणसाला हे वाचून गप्प बसवेना.

या चार आकड्यांपैकी दोन कारखान्यांनी सांगितलेले आहेत, एक खास तयार केलेल्या गाडीवर निघालेला आहे आणि एकच असा आहे की जो कारखान्याने सांगितला आणि बाहेरच्या माणसाने मोजल्यावरही तोच निघाला. तो आहे डेटोनाचा. फेरारीने १९६८च्या पॅरिस प्रदर्शनात ही गाडी आणली आणि ताशी २८० किमीचा दावा केला. ब्रिटनच्या ‘ऑटोकार’ साप्ताहिकाने १९७१ मध्ये चाचणी घेतली, तेव्हा वेग भरला १७४ मैल, म्हणजे २८० किमीच. शून्यापासून ६० मैलांपर्यंत ५.४ सेकंद आणि १०० मैलांपर्यंत १२.६ सेकंद. त्या काळात माहितीपत्रकातला आकडा असा तंतोतंत खरा ठरणे ही नवलाचीच गोष्ट होती.

त्याच साप्ताहिकाने १९७० मध्ये म्युरा ‘एस’ तपासली होती. तिचा वेग निघाला १७२ मैल, म्हणजे साधारण २७७ किमी. तक्त्यातला २९० हा त्यानंतरच्या ‘एसव्ही’ मॉडेलचा, तोही कारखान्याच्या दाव्याच्या घरातला. एका गाडीचा मोजलेला आकडा आणि दुसरीचा सांगितलेला, असे शेजारी ठेवून दहा किलोमीटरचा फरक दाखवायचा हा कुठला न्याय? एकाच हाताने मोजलेले आकडे घेतले तर डेटोना दोन मैलांनी पुढे आहे.

आता ३०२ चा समाचार घेऊ. लॅम्बोर्गिनीने कौंटाश या आपल्या गाडीसाठी ३०० च्या पुढची भाषा सुरू केली आणि फेरारीच्या बॉक्सरचा आकडा ३०२ आला. दोन किलोमीटर जास्त, हा योगायोग मानायला मी तयार नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. डेटोनाला २८० साठी ३५२ अश्वशक्ती लागत असेल, तर तशाच आकाराच्या गाडीला ३०२ साठी पाऊणपट नव्हे, दीडपट नव्हे, पण चांगली सव्वापट शक्ती हवी. म्हणजे ४४० च्या आसपास. पहिल्या बॉक्सरची छापील अश्वशक्ती ३८० आणि १९७६च्या ५१२ बॉक्सरची तर ३६०! बॉक्सरचे नाक खाली आहे, हवा थोडी बरी कापत असेल, हे मान्य. तरी साठ-ऐंशी घोड्यांची तूट नुसत्या नाकाने भरून निघत नाही. गणित शाळकरी आहे. लेखकाने कॅल्क्युलेटर उघडला असता तरी शंका आली असती.

अश्वशक्तीचा रकानाही असाच. म्युरा ‘एस’ ३.९ लिटरमधून ३७० अश्वशक्ती देते आणि डेटोना ४.४ लिटरमधून ३५२, असे तक्ता सांगतो. लिटरमागे हिशेब केला तर म्युराची जवळजवळ ९४ आणि डेटोनाची ८०. दोन्ही बारा सिलिंडरांची, दोन्हींवर वेबर कंपनीचे कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग), दोन्हींत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी. एवढी तफावत इंजिनात कमी आणि लिहिणाऱ्याच्या हातात जास्त असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जग्वारचे २६५ तर ढोबळ मापाचे, म्हणजे इंजिन स्टँडवर जवळजवळ उघडे चालवून काढलेले. ते इटालियन आकड्यांच्या रांगेत बसतच नाहीत.

ई-टाइपचे २४२ किमी हे १९६१च्या ‘ऑटोकार’ चाचणीतले १५०.४ मैल. ती गाडी कारखान्याने पत्रकारांसाठी जपून तयार केली होती, रेसिंगचे टायर चढवले होते, इंजिनही निवडक होते. शोरूममधून घेतलेली ई-टाइप तिथपर्यंत पोचत नसे. याने त्या गाडीची थोरवी कमी होत नाही. त्या किमतीत तसली गाडी दुसरे कोणी देतच नव्हते. पण तिची तुलना करायची तर निदान एक ओळीची टीप हवी होती.

प्रवेगाच्या रकान्यातही एक चूक शिरली आहे. ब्रिटिश चाचण्या ६० मैलांपर्यंत मोजतात, म्हणजे ९६.६ किमी. तक्त्यात तेच सेकंद ‘०-१००’ या मथळ्याखाली बसवले आहेत. उरलेल्या साडेतीन किलोमीटरला सेकंदाचे दोन-तीन दशांश सहज जातात, आणि मध्येच गिअर बदलावा लागला तर आणखी. ज्या तक्त्यात गाड्यांचा क्रम दशांशावर ठरतो, तिथे हे चालायचे नाही.

आम्हा पुणेकरांना छापील आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांतला फरक शिकवावा लागत नाही. गाड्या तपासणाऱ्या एआरएआय या संस्थेच्या प्रमाणपत्रावरचे मायलेज सिंहगड रस्त्याच्या कोंडीत कोणाला मिळते? मात्र तिथे निदान सगळ्या गाड्या एकाच पद्धतीने तपासलेल्या असतात. आकडा आपल्याला मिळाला नाही तरी अमक्या गाडीपेक्षा तमकी बरी, एवढे त्यावरून कळते. आपल्या तक्त्यात नेमके तेच कळत नाही.

आणि आकड्यांपलीकडचे सांगायचेच होते तर केवढे होते! म्युराची पेट्रोलची टाकी पुढे, नाकात. लांबच्या वेगवान प्रवासात टाकी रिकामी होत जाई तसे नाक हलके होई, आणि २५० च्या पुढे पुढची चाके रस्ता सोडू पाहत. स्टीअरिंग हातात पोकळ लागे. २७७ वेग निघतो हे खरे, पण तो किती वेळ धरवतो हे कोणत्या रकान्यात लिहिणार? उलट डेटोना जड, गावात चालवायला दमवणारी, स्टीअरिंग फिरवताना खांदे भरून आणणारी. पण १९७१ मध्ये शर्यतपटू डॅन गर्नी आणि पत्रकार ब्रॉक येट्स यांनी तीच गाडी न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियातल्या रेडोंडो बीचपर्यंत ३५ तास ५४ मिनिटांत नेली, साध्या रस्त्यांवरून, बाकीची वाहने चुकवत. कायद्याच्या दृष्टीने ते काही अनुकरणीय नव्हे, हेही लिहून ठेवतो. अमेरिकेतल्या डेटोना या गावी झालेल्या १९७९च्या २४ तासांच्या शर्यतीत तर उत्पादन बंद होऊन वर्षे लोटलेल्या या मॉडेलने एकूण दुसरा क्रमांक मिळवला. सौंदर्याचे म्हणाल तर मी म्युराच्याच बाजूचा आहे. मार्चेल्लो गांदिनीने बर्तोने या गाड्या रेखाटणाऱ्या कंपनीत बसून रेखाटलेली ती पाठ पाहिली की तक्ता बाजूलाच ठेवावासा वाटतो.

पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा कोणी मोजले, कोणत्या साली आणि कोणत्या मॉडेलवर, असे तीन रकाने वाढवावेत ही विनंती. जागा कमी पडली तर गाड्या कमी करा.

जाता जाता, डेटोनाच्या छायाचित्राखाली ‘मागे इंजिन असलेली’ असे छापले आहे. तिचे इंजिन पुढे, त्या लांबलचक बॉनेटखाली आहे. मागे आहे तो गिअरबॉक्स, वजन दोन्ही टोकांना वाटले जावे म्हणून. इंजिन मागे, आडवे ठेवले होते ते म्युराने.

आपला,
एक निवृत्त वाहन-चाचणी अभियंता,
चिंचवड, पुणे