यंत्राला आधी आमचा समुद्र शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

किनाऱ्यावर पहाऱ्याला ड्रोन आले. आता रडार आणि कॅमेऱ्यांच्या जोडीला कृत्रिम बुद्धिमत्ता, असं वाचतो. जरूर यावी. १९९३ साली शेखाडीला स्फोटकं उतरली, २००८ साली 'कुबेर' ट्रॉलर पळवून अतिरेकी मुंबईत शिरले. समुद्रावर पहारा हवा, हे आम्हा मच्छीमारांना कुणी पटवून द्यायला नको.

काळजी वेगळीच आहे. ही यंत्रणा नौकांच्या फिरण्याची नेहमीची रीत शिकते आणि तिच्यात न बसणारी हालचाल संशयास्पद ठरवते. एका जागी रेंगाळणं, वेडीवाकडी वाट, भर समुद्रात दोन बोटी एकमेकींना लागणं. अहो, ही तर आमची रोजची मासेमारी झाली! जाळं टाकलं की बोट पाण्याच्या ओढीने जाऊ देतात. एकाचं इंजिन बिघडलं तर दुसरा दोर टाकून त्याला ओढत आणतो.

गेल्या माघात आमचं जाळं खडकाला अडकलं. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, इंजिन बंद करून चार तास ते सोडवत होता. परतताना गस्तीवाल्यांनी अडवलं, इतका वेळ तिथे काय करत होतात म्हणून. कागद बरोबर होते, माणसंही सभ्य होती. पण तपासणी आटपेपर्यंत बर्फ विरघळला, वरच्या थरातली सुरमई मऊ पडली. लिलावात बायकांनी बोटाने दाबून बघितली आणि निम्म्यावर भाव आला. उद्या असे इशारे यंत्र दिवसाला किती देईल?

शिवाय बोटीची ओळख आणि ठिकाण आपोआप कळवणारं एआयएस यंत्र २० मीटरपेक्षा लांब मासेमारी नौकांनाच सक्तीचं आहे, आमच्या बहुतेक बोटी त्याहून लहान. लाकडी होडी लाटांच्या गर्दीत रडारवर धड उमटत नाही. आणि 'कुबेर' तर अस्सल मासेमारी बोट होती, यंत्राला तिच्यात वेगळं काय दिसलं असतं! त्या हल्ल्याच्या रात्री कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरलेली पोरं परकी आहेत, हे तिथल्या माणसांनी ओळखून त्यांना हटकलं होतं. ही नजर यंत्राला कोण देणार?

म्हणून यंत्राला शिकवणाऱ्यांनी डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या तांडेलांना शेजारी बसवावं. डोल, रापण, पर्ससीन अशा वेगवेगळ्या जाळ्यांच्या मासेमारीत बोट कशी फिरते, कुठल्या महिन्यात कुठे गर्दी होते, हे त्यांच्याकडून नोंदवून घ्यावं. इशारा आला तर गस्तीनौका धाडण्याआधी वायरलेसवरून मराठीत विचारावं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तांडेल घरीच असतात. तेव्हा बोलवा त्यांना.

एक नौकामालक, हर्णै, ता. दापोली