आरोग्यमंत्री साहेब, गालगुंडाची लस द्याच, आणि स्वॅबचा जीनोमही वाचा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सप्रेम नमस्कार.

साहेब, मी तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आपल्या सरकारी लसीकरणात बाळांना एमआर मिळते, म्हणजे गोवर आणि रुबेला, गालगुंड त्यात नाहीच. खाजगी डॉक्टरकडे जाणाऱ्यांची पोरं पैसे भरून एमएमआर, म्हणजे गोवर-रुबेलासोबत गालगुंडही असलेली लस, घेतात आणि अंगणवाडीतली पोरं तशीच राहतात. आणि हीच एमएमआर पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट बनवते, आपल्याच राज्यात! केंद्राचा कार्यक्रम आहे हे मला माहीत आहे, पण दिल्लीने पूर्वी स्वतःच्या कार्यक्रमात एमएमआर दिली होतीच ना, मग आपण का नाही?

गालगुंड म्हणजे लेप लावायचा आणि चार दिवस घरी बसवायचं, असं अजूनही बोललं जातं. बहुतेक पोरं बरी होतातही, पण काहींचा एका कानाचा बहिरेपणा कायमचा राहतो, मेंदूच्या आवरणाला सूज येते, आणि वयात आलेल्या मुलांना वृषणाची सूज आली की काय हाल होतात ते त्या घरालाच माहीत. 2024 मध्ये केरळात हजारोंनी केसेस झाल्या, त्यातून तरी आपण शिकायला हवं.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. लस आणली तरी साथी येणारच, आणि त्या दिवसाची तयारी आत्तापासून हवी. अमेरिकेत एमएमआरचे दोन डोस जवळपास सगळ्यांना मिळतात, तरी 2016-17 मध्ये तिथल्या आर्कान्सा राज्यात जवळपास 3000 केसेस झाल्या, तिथली शाळेतली बहुतेक पोरं दोन डोस घेतलेली होती, आणि त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये हार्वर्डसकट बऱ्याच कॉलेजांमध्ये साथ पसरली. दोन डोसांचं संरक्षण साधारण 88 टक्के धरतात आणि ते वर्षांनुवर्षं कमी होत जातं, त्यामुळे हॉस्टेलमध्ये दाटीवाटीने राहणाऱ्या विशीतल्या पोरांना ते पुरत नाही. हे आधीच समजावलं नाही तर पहिल्याच साथीत व्हॉट्सॲपवर "लस फेल" सुरू होईल आणि मग गोवराच्या लसीलाही आया नाही म्हणतील.

मॅसॅच्युसेट्समध्ये बोस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या लोकांनी काय केलं, तर सुमारे 200 विषाणूंचे पूर्ण जीनोम, म्हणजे त्यांची सगळी जनुकीय अक्षरं, वाचले. लसीला चकवणारा नवा विषाणू आल्याचा ठोस पुरावा त्यात सापडला नाही, उलट जी शहरातली साथ आणि कॉलेजातली साथ वेगळ्या समजत होते त्या एकमेकींशी जोडलेल्या निघाल्या. पेशंटला विचारून विचारून ही साखळी हाती लागली नव्हती. आणि नेहमी तपासतात तो एसएच नावाचा छोटासा जीन एकटा पुरत नाही, पूर्ण साधारण 15,000 अक्षरांचा जीनोम वाचला तरच कोणाकडून कोणाकडे गेला ते कळतं, हेही तिथेच दिसलं.

आपल्याकडे हे अवघड आहे का? कोविडमध्ये पुण्याच्या बीजे मेडिकलमध्ये सिक्वेन्सिंग, म्हणजे हेच जीनोम वाचण्याचं काम, झालं, एनआयव्ही ही राष्ट्रीय विषाणू संस्थाही पुण्यातच आहे. अडतं ते स्वॅबपाशी. कानाखालची सुजलेली गाठ साधारण अर्धा मिनिट हलक्या हाताने चोळायची, मग गालाच्या आतल्या बाजूला, वरच्या दाढेपाशी जिथे लाळेची नळी उघडते तिथे स्वॅब फिरवायचा, आणि सूज आल्यावर शक्यतो तीन दिवसांच्या आत, नाहीतर विषाणू हाती लागत नाही. लस घेतलेल्या माणसात तर रक्ताची आयजीएम (ताज्या संसर्गाच्या प्रतिपिंडांची) टेस्ट बऱ्याचदा निगेटिव्ह येते, म्हणजे केवळ रक्तावर विसंबलो तर नेमक्या याच केसेस सुटतात! प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर हे सहज शिकेल, फक्त किट आणि बर्फाचा डबा वेळेत पोचायला हवा.

म्हणून विनंती अशी की एमएमआरची मागणी राज्याने केंद्राकडे लेखी करावी, आणि तोपर्यंत वाट न बघता प्रत्येक जिल्ह्यातून थोडे तरी स्वॅब, डोस किती झाले त्या नोंदीसह, सिक्वेन्सिंगला जावेत आणि निकाल जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना परत मिळावा, कारण नमुना गेला आणि उत्तर आलंच नाही असं झालं तर पुढच्या वेळी कोणी पाठवणार नाही. आज कोणता विषाणू फिरतोय याची नोंदच नसेल तर उद्या तो बदलला की नाही हे कशाशी ताडून बघणार? या अधिवेशनात यावर आपलं उत्तर ऐकायला मिळावं ही कळकळीची विनंती.

आपली,
एक लॅब टेक्निशियन