घोषणेच्या आधी गावातली बैठक

संपादक साहेब,

आंदोलनं म्हणजे हॅशटॅग आणि टीव्हीवरची चर्चा असं आता बऱ्याच लोकांना वाटतं म्हणून लिहितोय. मार्च 2018 चा नाशिक ते मुंबई किसान लाँग मार्च आठवा. किसान सभा ह्या डाव्या शेतकरी संघटनेचे लाल झेंडे घेऊन हजारो शेतकरी, त्यात आदिवासी खूप, जवळपास 180 किलोमीटर चालत आले, आणि दहावीच्या पोरांना परीक्षेला त्रास नको म्हणून सायनहून आझाद मैदानापर्यंतचं शेवटचं अंतर रात्रीच चालले! मला विचाराल तर हाच सगळ्यात मोठा मेसेज होता, कुठल्याही भाषणापेक्षा मोठा. सोललेल्या पायांचे फोटो फिरले, मुंबईकर पाणी, खाणं, चपला घेऊन रस्त्यावर आले आणि सरकारला लेखी आश्वासन द्यावं लागलं.

पण ही गर्दी एका दिवसात जमलेली नव्हती हो. गावोगावच्या बैठका, वर्षानुवर्षांचं काम, आणि मागणी एकदम साधी, कसतो ती वनजमीन नावावर करा. तो हक्क देणारा वनहक्क कायदा 2006 चाच आहे. तरी 2023 ला पुन्हा चालावं लागलं, तेव्हा मोर्चा ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदला थांबला. वनजमिनीसाठी केलेल्या दाव्यांचं पुढे काय झालं, हे तुमच्या पेपरने तालुकावार छापावं ही कळकळीची विनंती.

एक वाचक, ठाणे