पाखरू न उडवता उडत्या पाखराचा फोटो

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, फोनवर नीट बोलणं होत नाही म्हणून निवांत बसून लिहितेय. जानेवारीत तू आणि तुझे मित्र येताय, लांबचं जवळ आणणारी नवीन १५०-६०० लेन्स घेऊन, हे ऐकून फार बरं वाटलं, पप्पा तर आत्तापासून हुरड्याचं बघायला लागलेत. पण तू लिहिलंयस ना की तळ्यावर गेल्यावर एकजण पलीकडच्या काठाला जाऊन टाळ्या वाजवेल आणि थवा उठला की बाकीचे इकडनं बर्स्ट मारणार, म्हणजे एका दमात धडाधड फोटो, ते करायचं नाही. आधीच सांगते म्हणजे मित्रांसमोर तिथं वाद नको.

अरे ते पट्टकदंब हंस कुठनं येतात माहितीय ना तुला, लडाख, तिबेट, मंगोलिया तिकडनं हिमालय ओलांडून. त्यांच्या अंगावर यंत्रं बसवून लोकांनी मोजलंय, ७००० मीटरच्या वर उडताना सापडलेत, जिथं माणसाला नुसतं चालायचं म्हटलं तरी धाप लागते. एवढं करून ते आपल्या खटाव तालुक्यात सूर्याचीवाडी, येरळवाडी, मायणी अशा कुठल्यातरी तळ्यावर उतरतात ते खाऊन-पिऊन अंगावर चरबी धरायला, कारण थंडी सरली की परत तेवढंच अंतर कापायचंय. दिवसा काठाला मान पाठीत खुपसून बसलेले दिसतात ना ते काही रिकामे बसलेले नसतात, ती त्यांची विश्रांती असते. फ्लेमिंगोला तर जागेवरनं नुसतं उठताच येत नाही, पाण्यावर लांब पळत जावं लागतं तेव्हा कुठं अंग वर निघतं. आपण एकदा टाळी वाजवली की थवा उठणार, चकरा मारणार, कधी तळंच सोडून जाणार, मग दुसरी गाडी येणार, ते पण तेच करणार. सुट्टीच्या दिवशी असं दिवसभर चाललं तर त्या पाखरानं खायचं कधी आणि विसावायचं कधी? मला हे बघवत नाही, खरंच सांगते.

आणि फोटोच्या हिशोबानं पण ते चुकीचंच आहे. घाबरून उठलेलं पाखरू माणसापासनं लांब जातं, म्हणजे तुमच्या कार्डात नुसत्या शेपट्या येणार. पलीकडनं हाकललं की सरळ तुमच्याकडं येतील असं पण नाही, कारण मोठं पाखरू उठताना वाऱ्याच्या तोंडानंच उठतं आणि उतरताना पण वाऱ्याकडं तोंड करूनच उतरतं, तुम्ही कुठं उभे आहात याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. म्हणून मी बाहेर पडले की आधी वारं बघते, शाळूची पानं कुठल्या बाजूला लोळतायत ते. थंडीत आपल्याकडं सकाळी बहुतेक उगवतीकडनं वारं असतं आणि ऊन पण तिकडनंच, दोन्ही आपल्या पाठीवर घेऊन उभं राहायचं की उतरणारं पाखरू आपल्याकडं तोंड करून आणि तोंडावर ऊन घेऊन येतं. याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे?

पट्टकदंब हंसांचं तर अजून सोपं आहे. ते दिवसा पाण्याकाठी असतात आणि दिवस मावळायच्या सुमाराला शेतांकडं चरायला उठतात, हरभरा, गहू, जे कवळं असेल ते, आणि उजाडताना परत तळ्यावर. म्हणजे उडायचं ते उडतातच, आपल्या टाळ्यांची गरजच नाही. तळ्यावरच्या पहिल्या दिवशी कॅमेरा न काढता नुसतं बघायचं की कुठल्या बांधावरनं जातात, दुसऱ्या दिवशी अंधारातच त्या वाटेवर झाडाच्या आडोशाला जाऊन बसायचं आणि हलायचं नाही. आधी आवाज येतो, मग ओळ दिसते. उजेड कमी असतो तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद, वर जाऊ दे, फोटोत थोडे दाणे आले तर आले, पण शटर १००० च्या, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या, खाली नेऊ नकोस.

खरं तर माझं म्हणणं आहे की पहिले दोन दिवस तळ्यावर जाऊच नका, घराभोवतीच काढा. हात इथंच बसतो. तू ठेवून गेलेल्या ७०-३०० लेन्सवर मी जे काही शिकले ते गोठ्याच्या मागं आणि विहिरीवर. तुझे मित्र पहिल्यांदाच ६०० वर आकाशात पाखरू शोधणार, त्यांना ते सापडणारच नाही, आधी ३०० वर धरायचं, सापडलं की मग झूम. आणि उभं राहताना पाय जिकडं पाखरू जाणार तिकडं ठेवायचे, कमरेतनं मागं वळून त्याला घ्यायचं आणि त्याच्याबरोबर सरळ होत यायचं, नाहीतर ऐन वेळी अंगाला पीळ पडतो आणि कॅमेरा अडतो.

सुरुवात वेड्या राघूपासनं करा. गोठ्याच्या मागच्या केबलवर त्यांची जोडी कायम असते, माशी दिसली की सुटायचं, हवेत धरायची आणि परत केबलवर, बरेचदा अगदी त्याच जागेवर येऊन ती माशी आपटत बसायचं. मग त्याच्यामागं कॅमेरा फिरवायचाच कशाला? तो बसलाय तिथं फोकस धरायचा, लॉक करायचा, चौकट जरा मोठी ठेवायची आणि तो गेला की डोळा कॅमेऱ्यावरनं काढून नुसतं बघत राहायचं, परत येताना दिसला की बोट दाबून ठेवायचं. शटर ३२०० तरी पाहिजे, लहान पाखराचे पंख त्याच्या खाली पुसट येतात. बसायच्या आधी तो ब्रेक मारल्यासारखा क्षणभर हवेत थांबतो आणि पंख पूर्ण उघडतो, वरनं एवढा हिरवागार पक्षी पण पंखातनं ऊन आरपार आलं की तांब्यासारखा रंग दिसतो आणि मागच्या कडेला काळी किनार. तो एक फोटो मिळाला की तुझे मित्र टाळ्यांचं नाव काढणार नाहीत बघ.

दुसरी कापशी, ती छोटी पांढरी-करडी घार. हरभऱ्याच्या रानावर सकाळी नऊच्या आत असते. हवेत एका जागी थांबते, पंख फडफडत असतात, शेपूट वरखाली होते पण डोकं जागचं हलत नाही, नजर खाली उंदरावर. मग एक टप्पा खाली येते, परत थांबते, परत एक टप्पा, आणि शेवटी पाय खाली सोडून पंख वर इंग्रजी व्ही सारखे धरून सुटते. मी बांधावर बोरीच्या आडोशाला उभी राहते, ती माझ्याकडं बघते पण मी हलत नाही म्हटल्यावर आपल्या कामाला लागते. एकदा एवढी जवळ थांबली होती की फोटोत लाल डोळा आणि पायाची पिवळी बोटं वेगवेगळी दिसतात, तो फोटो मी तुझ्यासाठी मोठा करून ठेवलाय. हिला १६०० चं शटर पुरतं. फक्त मागं उजळ आकाश असलं की कॅमेरा फसतो आणि पोटाकडची बाजू काळी करून टाकतो, तेव्हा एक्सपोजर प्लस एक करायचं, म्हणजे फोटो उजळ येतो. आणि गायबगळ्याला उलटं, तो उन्हात पांढराफेक, मागं काळं रान, तिथं मायनस केलं नाही तर पिसांचा सगळा पांढरा गोळा येतो. बगळे ट्रॅक्टरमागं येतातच, नांगरट असली की पप्पांना सांगून ठेव.

आता तू म्हणशील, आबा तर रोज सकाळी भोरड्या, त्या गुलाबी मैना, हाकलतात, मग ते कसं चालतं. चालतं, कारण शाळू हुरड्यात आला की भोरड्यांचा थवा कणसंच्या कणसं रिकामी करतो, आबांची राखण हे पोटाचं काम आहे आणि ते गोफण दगडासाठी नाही, आवाजासाठी फिरवतात. तुम्ही राखणीच्या माळ्याखाली उभं राहून ते फोटो खुशाल काढा, पण आबांना "अजून एकदा वाजवा" असं म्हणायचं नाही. संध्याकाळी ओढ्याकडच्या बाभळींवर भोरड्या रात्रीला उतरतात ना, तेव्हा बसायच्या आधी सगळा थवा आभाळात कितीतरी वेळ फिरत असतो, घट्ट होतो, पसरतो, वळतो, तिथं ६०० अजिबात लावू नका, माझी ७०-३०० घेऊन ७० वर ठेवून थव्याची पुढची कड धरायची. ही पाखरं पण मध्य आशियातनं येतात, एप्रिलपर्यंत इथं असतात.

विहिरीवरच्या खंड्याच्या बिळाजवळ कुणी जायचं नाही, माळावर टिटवी ओरडत डोक्यावर यायला लागली की फोटो सोडून मागं फिरायचं, तिची अंडी किंवा पिल्लं तिथंच दगडांत असतात, पायाखाली पण येतील. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पाखरांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणं हे शिकारीतच धरलंय, मित्रांना हे पण सांग. मोबाईलवर आवाज लावून पाखरू बोलवायचं नाही. आणि त्या ड्रोनचं जे लिहिलंयस ते पुण्यातच राहू दे, पाखरांना तो शिकारी वाटतो आणि अख्खं तळं उठतं.

पुसेगावची यात्रा झाल्यावर या, यात्रेत एसटीला पाय ठेवायला जागा नसते. वडूजला उतरलात की फोन कर, पप्पा गाडी घेऊन येतील. जर्किनं मातकट नाहीतर हिरव्या रंगाची आणा, लाल-पिवळी नकोत, आणि पहाटे रानात फार गार असतं तेव्हा कानटोप्या आणा. माझ्यासाठी एक जास्तीची बॅटरी आण, जुनी आता दहा वाजेपर्यंत पण पुरत नाही.

तुझी
आई